ब्रेक दाबला की पिकअप एका बाजूला ओढते, पुढचं एकच टायर खाते: कुठून बघत जायचं

कांद्याचा सीझन सुरू झाला की माझ्या दारात कडुनिंबाखाली आठवड्याला एखादी तरी पिकअप लागते. तक्रार ठरलेली. "मालक, ब्रेक मारला की गाडी डावीकडं पळायलीय. पॅड तर परवाच बदललेत बगा."

त्या 'परवाच बदललेत'मध्येच अर्धा रोग असतो. पॅड बदलले की पंधरा दिवस बरं वाटतं, महिन्याने पुन्हा तेच. मग पुन्हा पॅड. मी गॅरेजवाला नाही. स्वतःची जुनी डिझेल पिकअप आहे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे आणि हंगामात मार्केट यार्डाला कांदा ओढतो. माझ्याच गाडीला मी एका वर्षात तीन वेळा पॅड टाकले. दोष पॅडमध्ये नव्हताच. तेव्हापासून हा एकच बिघाड इतक्यांदा उघडलाय की क्रम डोक्यात पक्का बसलाय, तोच इथे देतो. पुढे डिस्क, मागे ड्रम, मागे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या), बूस्टरचा (व्हॅक्युमने पायाचा जोर वाढवणारा) ब्रेक आणि एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली गाडी धरून लिहितोय.

आधी लक्षणं नीट ओळखा

खालीलपैकी तुमच्या गाडीला काय होतंय ते एकदा कागदावर लिहून काढा. मिस्त्रीला 'ब्रेक बरोबर नाही' एवढंच सांगितलं की तो पॅड बदलतो. त्याचाही दोष नाही.

रिकामी गाडी सरळ थांबते, माल भरला की ओढते. किंवा ब्रेक न लावताही स्टेअरिंग एका बाजूला धरून ठेवावं लागतं. पुढच्या एकाच चाकाची रिम दुसऱ्यापेक्षा काळी होते. तुळजापूरचा घाट उतरून खाली आलं की एकाच चाकातून जळका वास येतो. दहा मिनिटं चहाला थांबलं की गाडी शहाण्यासारखी चालते, वीस किलोमीटरनंतर पुन्हा बिघडते. पुढचं एक टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेने गुळगुळीत झालंय आणि दुसरं अजून दोन हंगाम जाईल असं आहे.

पायडल कसं वागतं तेही लिहा. मऊ लागतं, दगडासारखं घट्ट लागतं, की पाय ठेवला असता हळूहळू खाली जातं? हे तीन वेगळे आजार आहेत, त्यांच्याकडे शेवटी येतो. पायडल खाली जात असेल तर बाकीचं वाचत बसू नका, गाडी आहे तिथेच ठेवा.

फुकटातली पहिली तपासणी: ब्रेक लावून ओढते की न लावताही?

सकाळी लवकर, सपाट मोकळ्या रस्त्यावर ताशी ३०–४०च्या वेगाने जा. स्टेअरिंग हलक्या हाताने धरा. आधी ब्रेक न लावता बघा, मग हलका ब्रेक लावून बघा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे थोडी डावीकडे जाणारच. म्हणून तीच चाचणी उतार नाही अशा मोकळ्या सपाट जागी दोन्ही दिशांनी करा.

ब्रेक न लावताच ओढत असेल तर टायर, अलाइनमेंट, नाहीतर एखादं चाक अडकून राहिलंय. फक्त ब्रेक लावल्यावर ओढत असेल तर सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट पुढे येते. गाडी डावीकडे ओढते म्हणून लोक डावं चाक उघडतात. पण गाडी जास्त धरणाऱ्या चाकाकडे वळते. डावं चाक आपलं काम चोख करतंय आणि उजवं झोपलंय, असंच निम्म्या वेळा निघतं. डाव्याचे पॅड बदलून काय होणार?

हवा आणि टायर

थंड टायरची हवा मोजा, म्हणजे गाडी रात्रभर उभी असताना, चालवायच्या आधी. आकडा दरवाजाजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तकात असतो. पुढचा आणि मागचा वेगळा असतो, रिकामा आणि भरलेला यांचाही कधी वेगळा असतो. पुढच्या दोन्ही चाकांत हवा सारखी हवीच. एकात कमी असेल तर ते टायर जास्त चपटं बसतं, रस्त्याला जास्त घासतं आणि गाडी त्या बाजूला झुकते. इथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, डांबर त्याहून तापलेलं. दुपारी तापलेल्या टायरचा काटा वर दिसला म्हणून हवा सोडू नका. संध्याकाळी टायर थंड झालं की हवा कमी पडते, आणि कमी हवेचं टायर भरलेल्या गाडीखाली आणखी तापतं. टायर फुटण्याचा रस्ता तोच. स्वतःचा एक काटा घ्या, पंक्चरवाल्याच्या दोन मशीनचे आकडे कधी जुळत नाहीत.

मग टायर हाताने वाचा. मधोमध झिजलंय तर हवा जास्त होती. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा माल जास्त. एकच कड झिजली तर चाकाचा कल बिघडलाय. तळहात आडवा फिरवला असता एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (पुढच्या चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचं माप) बिघडलाय, अलाइनमेंट लागेल. मध्येमध्ये खड्डे पडल्यासारखं झिजलं असेल तर शॉकअॅब्सॉर्बर किंवा बेअरिंगकडे बघा.

टायरच्या बाजूवर डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. नक्षी छान आहे पण बाजूला बारीक भेगा पडल्यात, असं उन्हात उभं राहिलेलं टायर मी पुढे ठेवत नाही. नक्षीच्या खोल खाचेत आडव्या उंचवट्या असतात, त्या १.६ मिलिमीटर उंचीच्या. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपलं. आणि एकाच एक्सलवर एक रेडिअल, एक नायलॉन, किंवा एक नवं आणि एक रिमोल्ड असं मिश्रण करू नका. पुढे तर रिमोल्ड नकोच.

आता फुकटातली दुसरी युक्ती. पुढची दोन्ही चाकं डावीउजवीकडे अदलाबदल करा. (नक्षीला फिरण्याचा बाण असेल तर हे करू नका.) ओढायची बाजू बदलली तर दोष टायरचा, ब्रेकला हात लावायचं कारणच नाही. मागच्या हंगामात आलेल्या गाड्यांपैकी दोन इथेच मिटल्या. एका काकांनी त्याआधी नवी डिस्क टाकून घेतली होती, त्यांना सांगायची हिंमत होईना.

ब्रेक ऑइलचा डबा

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी शिरलं की उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ जातीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, पाणी शिरलेलं १४०च्या आसपासच. डॉट ४चे तेच आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना पॅड तापतात, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायडल अचानक फोमसारखं मऊ होतं. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच. काळं चहासारखं दिसत असेल तर आधीच.

डब्यातलं ऑइल कमी झालंय म्हणून लगेच भरू नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात आणि पातळी हळूहळू खाली येते, ते नैसर्गिक आहे. आठवड्यात बोटभर उतरलं तर कुठेतरी गळतंय. चाकांच्या आतल्या बाजूला, मास्टर सिलिंडरच्या (पायडलचा दाब ऑइलला देणारा भाग) खाली आणि केबिनमध्ये पायडलच्या मुळाशी बघा. डब्यात गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच ऑइल टाका. एका ड्रायव्हरने रस्त्यात ऑइल कमी पडलं म्हणून स्टेअरिंगचं ऑइल ओतलं होतं. आत जेवढे म्हणून रबर होते ते सगळे फुगले. दुसऱ्या दिवशी चारही चाकं जाम. मास्टर सिलिंडरपासून शेवटच्या वॉशरपर्यंत सगळं बदलावं लागलं. रबराचे भाग रॉकेल-पेट्रोलने धुणं हाही त्याच जातीचा शहाणपणा.

हात तापवून बघा, पण भाजून घेऊ नका

आठ-दहा किलोमीटर जाऊन या, शेवटी जोरात ब्रेक न मारता गाडी थांबवा. आता चारही चाकांच्या मधोमध हात जवळ न्या, टेकवू नका. किंवा रिमवर पाण्याचे चार थेंब शिंपडा. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच गरम असेल तर तो ब्रेक सुटत नाहीये. आणि ब्रेक मारत आल्यावर एक चाक गारच राहिलं असेल तर ते धरतच नाहीये. पाच मिनिटांची ही चाचणी न करता चाक उघडणारा मिस्त्री मला पटत नाही.

चाक उघडल्यावर

जॅक लावायच्या आधी सपाट जागा, पहिला गिअर, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड. वर उचलल्यावर चॅसीखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा. जॅकवर गाडी आणि खाली माणूस, हे दृश्य आपल्याकडे रोज दिसतं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

वर उचललेलं चाक हाताने फिरवा. थोडं घासून फिरलं पाहिजे. जड फिरत असेल तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढा आणि तो ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बघा. सोलापुरी धूळ आणि पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल, दोन्ही त्या पिनांच्या रबरी टोपीत जातात. टोपी फाटली की पिन गंजते, कॅलिपर तिरका अडकतो, आणि एकच पॅड झिजतो. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जवळपास नवा असेल तर बहुतेक वेळा पिन. त्या पॉलिश पेपरने साफ करा आणि ब्रेकसाठीच मिळणारं सिलिकॉनचं ग्रीस लावा. चॅसीचं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि महिन्याने पिन पुन्हा अडकते. कॅलिपर काढून ठेवताना होसपाइपवर (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) लटकवू नका, तारेने बांधा.

ड्रमचं किंवा पॅडचं काळं पावडर कॉम्प्रेसरने उडवू नका, तोंडाने तर नाहीच. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला घासणारा थर) अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात गेलं की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा.

मागच्या ड्रममध्ये ऑइल दिसलं तर दोन शक्यता. व्हील सिलिंडरचं ब्रेक ऑइल असेल तर ते पाण्यात मिसळतं. एक्सलच्या सीलमधून आलेलं क्राउनचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरचं) ऑइल असेल तर चिकट असतं आणि उग्र वास मारतं, एकदा अनुभवल्यावर विसरत नाही. ऑइल लागलेला लायनर धुऊन परत बसवायचा नाही. तापला की ऑइल पुन्हा बाहेर येतं. आणि आधी सील, मग लायनर. उलट केलं की नवा लायनर आठ दिवसांत भिजतो.

माझी गाडी जिथे अडकली: होसपाइप

तीन वेळा पॅड टाकले म्हणालो ना, ते या पाइपपायी. बाहेरून पाइप चांगला दिसायचा, भेग नाही, गळती नाही. आतून रबराचा थर सुटून पडदा झाला होता. पाय दाबला की दाब आत जायचा, पण परत येताना पडदा झडपेसारखा बंद व्हायचा. चाक धरूनच राहायचं, तापायचं. दहा मिनिटं उभं राहिलं की दाब हळूहळू परत यायचा आणि गाडी ठीक. त्यामुळे मिस्त्रीकडे पोचेपर्यंत दुखणं गायब. दाखवायला काही नसायचं.

चाक अडकलेलं असतानाच पकडायचं असतं. मी तेच केलं. चाक जाम झालं तसं रस्त्याच्या कडेला थांबून, दगड लावून, गाडी उचलली आणि कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल पाव आटा सैल केलं. चुर्र करून ऑइलची एक पिचकारी आली आणि चाक मोकळं फिरायला लागलं. म्हणजे दाब आत अडकला होता. निपल सोडूनही चाक सुटलं नसतं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिन अडकली आहे असं समजायचं. मग पुढचा प्रश्न, दाब पाइपमध्ये अडकला की वर मास्टर सिलिंडरमध्ये? पुन्हा जाम होऊ द्यायचं आणि रबरी पाइप लोखंडी पाइपला जिथे जोडतो तो वरचा नट सैल करायचा. तिथे सोडल्यावर चाक सुटलं तर दोष वर आहे, नाही सुटलं तर खालचा रबरी पाइप. माझं नाही सुटलं. दोन्ही बाजूंचे पाइप एकत्र बदलले, कारण दोन्ही एकाच वयाचे होते. मोकळं केलेलं ऑइल रंगावर पडू देऊ नका, रंग उचलतं. हे काम केल्यावर हवा काढावी लागते. सहसा मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. तुमच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच.

जास्तीचा पाटा टाकलाय का?

हे कोणी विचारत नाही, मी हमखास विचारतो. ५० किलोच्या ३० पिशव्या म्हणजे दीड टन, त्यावर आणखी पाच पिशव्या बसवायच्या म्हणून मागे एक पाटा वाढवतात. गाडी मागून वाकत नाही, मालक खूश.

पण बहुतेक पिकअपला मागच्या हाउसिंगजवळ (मागच्या एक्सलचं आवरण) एक झडप असते, चॅसी आणि हाउसिंगमध्ये एका सळईने किंवा स्प्रिंगने जोडलेली. मिस्त्री लोक तिला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी वाकली की तिला समजतं, माल आहे, मागच्या चाकांना जास्त दाब सोड. पाटा वाढवला की गाडी वाकतच नाही. झडप समजते गाडी रिकामी आहे, मागचा ब्रेक कमीच ठेवते. भरलेल्या गाडीचा सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर. पॅड लवकर संपतात, डिस्क निळी पडते, आणि पुढच्या दोघांत उन्नीस-बीस फरक असेल तरी गाडी जोरात ओढते. रिकामी असताना सगळं सरळ. 'भरल्यावरच ओढते' असं कुणी सांगितलं की मी आधी मागे वाकून पाटे मोजतो. सळई गंजून एका जागी अडकली असेल, कुणी तारेने बांधून ठेवली असेल तरी हेच होतं.

ती सळई वाकवून 'सेट' करायची विद्या अंगणात चालवू नका. तिला माप असतं, दाबाचा काटा लावून बघावं लागतं. जास्त दाब गेला तर रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर शेपूट फिरतं. जास्तीचा पाटा काढा आणि पाच पिशव्या खाली ठेवा, हे मात्र तुम्ही आज करू शकता.

पायडलची तीन दुखणी

मऊ असेल तर हवा आहे, हवा काढा. काढूनही आठ दिवसांत परत मऊ झालं तर कुठून तरी आत येतेय, ते शोधायला हवं.

घट्ट असेल तर व्हॅक्युम बघा. डिझेल इंजिनला बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्युम पंप असतो, बऱ्याच जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच. म्हणजे पट्टा सैल झाला की चार्जिंगबरोबर ब्रेकही जातो. तपासायला इंजिन बंद करून पायडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पायडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर आधी बूस्टरला जाणारा रबरी पाइप आणि पट्टा बघा, ते स्वस्त आहेत. आणि डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून उतरणाऱ्यांनो, दोन-तीन ब्रेकनंतर बूस्टर रिकामा होतो. पुढे पायात सगळा जीव घातला तरी दीड टन थांबत नाही.

पाय ठेवला असता हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर आतून सोडतोय किंवा कुठेतरी गळती आहे.

इथे हात थांबवा

पायडल तळाला जात असेल, चाकाच्या आतून ऑइल गळत असेल, डिस्कला आरपार भेग असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मिस्त्रीला बोलवा किंवा ओढून न्या. मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि एलएसपीव्ही अनुभवी माणसाकडेच. डिस्क लेथवर घासायची असेल तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी मोजून, ड्रमवरचा कमाल व्यास बघून. त्या मापापलीकडे गेली तर नवीच.

चाक उचलल्यावर वरखाली धरून हलवा, मग डावीउजवीकडे. वरखाली खेळ (सैलपणा) आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवा आला तर टाय रॉडचं टोकही तपासायचं. तो खेळ घेऊन अलाइनमेंट करायला गेलात तर पैसे पाण्यात. आधी खेळ काढा, मग अलाइनमेंट. बॉल जॉइंटचं काम घरी करू नका.

काम झाल्यावर आधी गाडी उभी ठेवूनच पायडल घट्ट होईपर्यंत पाच-सहा वेळा मारा, कारण पॅड बदलल्यावर पहिला ब्रेक रिकामा जातो आणि माझ्या शेजाऱ्याचं फाटक त्याला साक्षी आहे. मग मोकळ्या जागी ताशी २०ने, मग ४०ने. त्यानंतरच माल. चाकाचे नट समोरासमोरचे आवळत जा आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा.